नेटवर्क ड्रायव्हर, लॅपटॉपमधील

संगणकाची परिचालन प्रणाली आणि संगणकास इंटरनेटशी जोडणारे यंत्रसाधन (नेटवर्क कार्ड) यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीस नेटवर्क ड्रायव्हर म्हणतात. ही आज्ञावली नष्ट झाली किंवा बिघडली, तर कार्ड, आकाशक, तारा व बाहेरील इंटरनेट सेवा ही सर्व सुस्थितीत असूनही लॅपटॉप इंटरनेटपासून तुटतो. जुन्या लॅपटॉपवर परिचालन प्रणाली नव्याने बसविल्यावर हा अनुभव विशेषेकरून येतो. अशा वेळी उद्‌भवणारी अडचण चक्राकार असते : ड्रायव्हर मिळविण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेट मिळण्यासाठी ड्रायव्हर हवा. यंत्रातील कार्ड नेमके कोणते हे ओळखणे आणि त्याचा ड्रायव्हर दुसऱ्या वाटेने आणणे, हा हे चक्र भेदण्याचा मार्ग होय. बहुधा काही मेगाबाइटांहून मोठी नसलेली ही आज्ञावली न मिळाल्यामुळे चांगले यंत्र निकामी समजून टाकून दिले जाण्याचा संभव असल्याने या विषयास व्यावहारिक महत्त्व आहे.

रचना व कार्य : लॅपटॉपमध्ये सामान्यतः दोन नेटवर्क कार्डे असतात. एक तारेने जोडणी करणारे (ईथरनेट) व दुसरे रेडिओ तरंगांद्वारे जोडणी करणारे (वाय-फाय). दोहोंतील संकलित मंडले भिन्न असून त्यांचे ड्रायव्हरही स्वतंत्र असतात. त्यामुळे एक जोडणी बंद पडली तरी दुसरी चालू राहू शकते. प्रत्येक मंडलास आज्ञा देण्याची पद्धत त्याच्या उत्पादकाने ठरविलेली असते. माहितीचे पॅकेट स्मृतीत कोठे ठेवावे, ते पाठविण्याचा संकेत कसा द्यावा व नवे पॅकेट आल्याची सूचना कशी मिळेल, या गोष्टी मंडलागणिक बदलतात. परिचालन प्रणालीस मात्र सर्व कार्डांशी एकाच पद्धतीने व्यवहार करावयाचा असतो. ड्रायव्हर हा या दोन पद्धतींतील दुवा होय. विंडोज प्रणालीत हा व्यवहार मायक्रोसॉफ्ट व थ्रीकॉम या कंपन्यांनी मिळून तयार केलेल्या एनडीआयएस या संकेतानुसार चालतो. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्याबरोबरच (कर्नल) येतात.

वाय-फाय कार्डांच्या बाबतीत आणखी एक घटक लक्षात घ्यावा लागतो. अशा अनेक कार्डांमध्ये स्वतःचा छोटा प्रक्रियक असतो व त्यास लागणारी आज्ञावली (फर्मवेअर) संगणक सुरू होताना ड्रायव्हरकडून कार्डात भरली जाते. ती फाईल नसेल, तर ड्रायव्हर असूनही कार्ड काम करीत नाही.

ड्रायव्हर नाहीसा होण्याची कारणे : (१) परिचालन प्रणालीच्या मूळ प्रतीत ती प्रसिद्ध होईपर्यंत ज्ञात असलेल्या कार्डांपैकी काहींचेच ड्रायव्हर समाविष्ट असतात. विंडोज ७ ही प्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये विक्रीस आली. त्यानंतर निघालेल्या कार्डाचा ड्रायव्हर तिच्या मूळ प्रतीत असणे शक्य नाही. (२) लॅपटॉपचे उत्पादक आवश्यक ड्रायव्हर हार्ड डिस्कच्या एका राखीव विभागात ठेवीत असत. जुन्या यंत्राचा वेग वाढविण्यासाठी मूळ डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसविली जाते, तेव्हा हा विभागही मूळ डिस्कबरोबर जातो. (३) ३२ बिट प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिट प्रणालीत चालत नाही. म्हणून प्रणालीचा प्रकार बदलल्यास जुना ड्रायव्हर निरुपयोगी ठरतो. (४) स्वयंचलित सुधारणेत योग्य ड्रायव्हरच्या जागी अयोग्य ड्रायव्हर बसतो. (५) डिस्कमधील दोष, उपद्रवी आज्ञावल्या किंवा अनावश्यक फाइली काढून टाकण्याचा दावा करणारी साधने यांमुळे फाइली नष्ट होतात.

निदान : जोडणी तुटण्याचे प्रत्येक कारण ड्रायव्हरमध्ये नसते, म्हणून उपायापूर्वी निदान करणे इष्ट ठरते. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांच्या कडेला वाय-फाय बंद-चालू करणारी लहान खिटी असते किंवा कळफलकावर त्यासाठी एक कळ असते. ती नकळत बंद झालेली नाही, हे प्रथम पाहावे. त्यानंतर विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर ही यादी उघडावी. कार्डाचे पूर्ण नाव दिसत असून त्यावर कोणतीही खूण नसेल, तर ड्रायव्हर बहुधा ठीक आहे व दोष अन्यत्र शोधावा. नावाऐवजी ‘नेटवर्क कंट्रोलर’ अथवा ‘ईथरनेट कंट्रोलर’ असे सामान्य वर्णन पिवळ्या खुणेसह दिसत असेल व तपशिलात २८ हा दोषांक असेल, तर ड्रायव्हर बसविलेलाच नाही असे समजावे. दोषांक १० असल्यास कार्ड सुरू होऊ शकलेले नसते. अयोग्य ड्रायव्हर हे त्याचे एक कारण असते. कार्डाचा यादीत मागमूसच नसेल, तर ते प्रारंभिक व्यवस्थेत (बायॉस) बंद केलेले, खाचेतून सैल झालेले किंवा नादुरुस्त असण्याचा संभव असतो.

जुन्या यंत्रांत फसगत करणारे आणखी एक कारण आढळते. मुख्य मंडलावरील घड्याळ चालू ठेवणारा नाण्याच्या आकाराचा विद्युत् घट संपला, की यंत्र बंद करताच तारीख अनेक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीपुरती वैध असल्याने चुकीच्या तारखेस ती अग्राह्य ठरतात. परिणामी जोडणी झालेली दिसते, परंतु संकेतस्थळे उघडत नाहीत. अशा वेळी ड्रायव्हर बदलून उपयोग होत नाही. तारीख दुरुस्त करून घट बदलावा लागतो.

कार्ड शाबूत आहे की नाही हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे. पेन ड्राइव्हवरून थेट चालणारी लिनक्स प्रणाली डिस्कमध्ये कोणताही बदल न करता सुरू करता येते. तीत इंटरनेट मिळाले, तर कार्ड निर्दोष असून उणीव केवळ मूळ प्रणालीतील ड्रायव्हरची आहे हे सिद्ध होते. मात्र न मिळाल्यास कार्ड बिघडलेलेच आहे, असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. कारण फर्मवेअरचा अभाव हेही त्याचे कारण असू शकते.

कार्डाची ओळख : एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये निरनिराळ्या वेळी वेगवेगळ्या उत्पादकांची कार्डे बसविलेली आढळतात. त्यामुळे लॅपटॉपच्या नावावरून ड्रायव्हर निवडणे पुरेसे विश्वसनीय नसते. त्याऐवजी कार्डात कायमचे नोंदलेले दोन क्रमांक पाहावेत. पहिला उत्पादकाचा व दुसरा त्या विशिष्ट मंडलाचा असतो. हे क्रमांक षोडशमान पद्धतीने, म्हणजे ० ते ९ हे अंक व ए ते एफ ही अक्षरे वापरून, प्रत्येकी चार स्थानांत लिहितात. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ असून त्या कंपनीने १९७८ मध्ये काढलेल्या प्रसिद्ध सूक्ष्मप्रक्रियकाचेही तेच नाव आहे. रिअलटेकचा क्रमांक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४ व अथेरॉसचा १६८सी आहे. उदा., ८०८६ व ४२२२ ही जोडी इंटेलच्या प्रो वायरलेस ३९४५ एबीजी या कार्डाची, तर १०ईसी व ८१६८ ही जोडी रिअलटेकच्या एका बहुप्रचलित ईथरनेट मंडलकुलाची निदर्शक आहे.

ड्रायव्हर नसला, तरी हे क्रमांक वाचता येतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये संबंधित नोंदीच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले असता ते दिसतात. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिल्यास कार्डांची यादी मिळते व तिच्या योग्य पर्यायाने क्रमांकही दिसतात. ते कागदावर उतरवून घेतले म्हणजे निम्मे काम झाले असे म्हणण्यास हरकत नाही.

ड्रायव्हर मिळविण्याचे मार्ग : प्रथम यंत्रातच शोध घ्यावा. सुधारणेनंतर बिघाड झाला असल्यास डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या सोयीने पूर्वीचा ड्रायव्हर परत आणता येतो. ‘सिस्टिम रिस्टोअर’ची जुनी नोंद उपलब्ध असेल, तर प्रणाली त्या दिवसाच्या स्थितीस नेता येते. जुनी प्रणाली न पुसता तिच्याच विभागात नवी बसविलेली असल्यास ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जुन्या ड्रायव्हरांचा संग्रह काही दिवस शिल्लक राहतो.

यंत्रात काही न मिळाल्यास बाहेरील मार्ग अवलंबावे लागतात. वाय-फायचा ड्रायव्हर गेला असेल, तर राउटरपासून तार जोडून काम भागते. दोन्ही ड्रायव्हर गेले असल्यास मोबाइल फोनचा उपयोग होतो. अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने जोडून त्यातील ‘यूएसबी टेथरिंग’ सुरू केले असता तो फोनच नेटवर्क कार्डाप्रमाणे वागतो. त्यासाठी लागणारा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोज ७ पासूनच्या प्रणालींत व लिनक्समध्ये अंगभूत असतो. आयफोनसाठी मात्र विंडोजमध्ये ॲपलचा ड्रायव्हर आधी बसविलेला असावा लागतो. फोनही नसल्यास दुसऱ्या संगणकावर ड्रायव्हर उतरवून घेऊन पेन ड्राइव्हने आणावा. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३·० चा ड्रायव्हर अंगभूत नसल्याने त्या प्रणालीत पेन ड्राइव्ह व फोन यूएसबी २·० च्या खाचेत जोडणे आवश्यक असते. पुष्कळ लॅपटॉपांत यूएसबी ३·० च्या खाचेतील पट्टी निळी, तर २·० ची काळी असते.

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा मंडलाच्या उत्पादकाकडून अथवा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संग्रहातून घ्यावा. उत्पादक जुन्या यंत्रांचे ड्रायव्हर कालांतराने काढून टाकतात, त्यामुळे शोधणारा अनोळखी स्थळांकडे वळतो. सर्व ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचे आश्वासन देणाऱ्या साधनांबरोबर नको असलेल्या वा उपद्रवी आज्ञावल्याही यंत्रात शिरण्याचा धोका असतो. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात काम करीत असल्याने हा धोका सामान्य आज्ञावलीपेक्षा अधिक गंभीर असतो.

पुनःस्थापना : प्रथम प्रणाली ३२ बिट आहे की ६४ बिट हे पाहून त्यानुसार ड्रायव्हर निवडावा व पुनर्स्थितीची नोंद (रिस्टोअर पॉइंट) करून ठेवावी. ड्रायव्हरबरोबर स्वयंचलित स्थापनेची फाईल असल्यास ती चालविली की काम होते. तशी फाईल नसल्यास वा ती अयशस्वी ठरल्यास डिव्हाइस मॅनेजरमधून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडून ड्रायव्हरचे फोल्डर हाताने दाखवावे. त्यातील ‘आयएनएफ’ प्रकारची फाईल साध्या मजकुराची असते व तीत तो ड्रायव्हर कोणकोणत्या कार्डांसाठी आहे हे क्रमांकांनी नमूद केलेले असते. कागदावर उतरविलेली जोडी या फाइलीत सापडल्यास निवड योग्य आहे याची खात्री पटते. स्थापनेनंतर यंत्र एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे.

६४ बिट विंडोज व्हिस्टापासून (२००७) गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी असणे बंधनकारक झाले. पुढे या स्वाक्षरीची एसएचए-१ ही पद्धत मागे पडून एसएचए-२ ही अधिक सुरक्षित पद्धत आली. मूळ विंडोज ७ मध्ये नव्या पद्धतीची ओळख नसल्याने उशिरा प्रसिद्ध झालेला ड्रायव्हर तीत नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी प्रणालीची संबंधित सुधारणा आधी बसवावी किंवा त्याच कार्डाचा जुन्या स्वाक्षरीचा ड्रायव्हर वापरावा.

लिनक्समध्ये ड्रायव्हर स्वतंत्रपणे शोधण्याची गरज क्वचितच पडते. उणीव असते ती बहुधा फर्मवेअरची. ब्रॉडकॉमच्या काही जुन्या वाय-फाय कार्डांना ते वेगळे पुरवावे लागते. डेबियन या वितरणाच्या १२ व्या आवृत्तीपासून (२०२३) मुक्त परवान्याखाली नसलेले अनेक फर्मवेअरही स्थापनेच्या मूळ प्रतीत समाविष्ट केले गेले. त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

मर्यादा : ड्रायव्हर पूर्ववत झाला, तरी कार्डाची मूळ क्षमता वाढत नाही. केवळ २·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेवर चालणाऱ्या कार्डास ५ गिगॅहर्ट्‌झवरील वाय-फाय दिसत नाही. तसेच २०१८ मध्ये जाहीर झालेल्या डब्ल्यूपीए ३ या सुरक्षा पद्धतीचीच सक्ती करणाऱ्या राउटरशी बरीच जुनी कार्डे जोडली जात नाहीत. अशा वेळी राउटरची मांडणी बदलणे किंवा यूएसबीवर चालणारे नवे वाय-फाय कार्ड वापरणे हे उपाय उरतात. शिवाय जोडणी मिळणे व ती सुरक्षित असणे या भिन्न गोष्टी आहेत. विंडोज एक्सपीचे सर्वसाधारण पाठबळ एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज ७ चे जानेवारी २०२० मध्ये व विंडोज १० चे ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. ज्या प्रणालीस सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत, तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. जुने यंत्र दीर्घकाळ इंटरनेटवर वापरावयाचे असल्यास पाठबळ चालू असलेली लिनक्स प्रणाली हा बिनखर्चाचा पर्याय आहे.

जतन : यंत्र सुस्थितीत असतानाच ड्रायव्हरची प्रत काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. विंडोज १० च्या २०१६ नंतरच्या आवृत्त्यांत ‘पीएनपीयूटिल’ या अंगभूत साधनाने बाहेरून बसविलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये उतरविता येतात. जुन्या प्रणालींत डिस्कवरील ‘ड्रायव्हर स्टोअर’ या संग्रहाची प्रत काढावी. ही प्रत लॅपटॉपबाहेर पेन ड्राइव्हवर ठेवावी व कार्डांचे क्रमांक लॅपटॉपच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावेत. डिस्क बदलताना किंवा प्रणाली नव्याने बसविताना प्रथम नेटवर्क ड्रायव्हर बसविला, म्हणजे उरलेले सर्व ड्रायव्हर इंटरनेटवरून मिळविता येतात. लॅपटॉपमध्ये तांबे व सोने यांसारख्या मौल्यवान धातूंबरोबर काही घातक द्रव्येही असतात आणि त्याची विल्हेवाट लावणे सोपे नसते. अशा यंत्राचे आयुष्य एका लहानशा फाइलीच्या जतनाने काही वर्षांनी वाढू शकते. शाळेत किंवा घरात विद्यार्थ्याच्या हाती असलेले ते एकमेव यंत्र असेल, तर या जतनाचे मोल आणखी वाढते.