कर्करोगाचे औषध आणि चुंबकाची ओढ

शिरेतून दिलेले कर्करोगावरील औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात पसरते आणि रोगपेशींप्रमाणेच निरोगी पेशींवरही आघात करते. केस गळतात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने हृदयाचे स्नायूही दुर्बल होऊ शकतात. त्यामुळे औषधाची मात्रा पुष्कळदा रोगाच्या बळावर नव्हे, तर रुग्णाच्या सहनशक्तीवर ठरवावी लागते. औषध अर्बुदाच्या जागीच रोखून धरता यावे, या हेतूने चुंबकीय सूक्ष्मकणांचा विचार सुरू झाला.

हे कण बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे असतात. त्यांचा गाभा सर्वसाधारणपणे 10 ते 20 नॅनोमीटरचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या रुंदीच्या सुमारे चारशेव्या ते आठशेव्या भागाएवढा असतो. तो इतका लहान ठेवण्यास सबळ कारण आहे. या आकारात बाहेरचे चुंबकीय क्षेत्र दूर होताच कणांचे चुंबकत्वही लोपते. एरवी ते परस्परांना चिकटून रक्तवाहिन्या बुजवतील. गाभ्यावर स्टार्चसारख्या पदार्थाचे आवरण देऊन त्याला औषध जोडतात. (मनगटावर चुंबकपट्टी बांधण्याच्या जाहिराती प्रसिद्ध होतात, त्यांचा या शास्त्राशी काडीचाही संबंध नाही.)

बर्लिन येथे ल्यूबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एपिरुबिसिन हे औषध अशा कणांना जोडून 14 रुग्णांवर चाचणी घेतली. तिचा वृत्तान्त 1996 साली प्रसिद्ध झाला. रुग्णांना हा उपचार सोसला. तथापि सुमारे निम्म्याच रुग्णांत कण अर्बुदाकडे वळविता आले. उरलेले कण यकृतासारख्या, रक्तातील परके कण टिपणाऱ्या अवयवांत जातात.

अडचण चुंबकाच्या स्वभावातच आहे. त्याची ओढ अंतरागणिक झपाट्याने क्षीण होते आणि बाहेर ठेवलेला चुंबक स्वतःलगतच्या भागालाच सर्वाधिक ओढतो. शरीराच्या गाभ्यातील एखाद्या बिंदूवर ती ओढ एकवटता येत नाही. केशवाहिन्यांत रक्त संथ वाहते, तेथे चुंबकाचे चालते. मोठ्या धमनीतील वेगापुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून त्वचेलगतच्या अर्बुदांना ही पद्धती अधिक सोयीची, तर स्वादुपिंडासारख्या खोल अवयवाच्या बाबतीत ती दुबळी ठरते. औषधवहनाचा हा मार्ग अद्याप नित्याच्या उपचारात आलेला नाही.

याच कणांचा दुसरा उपयोग मात्र काहीसा पुढे गेला आहे. कण थेट मेंदूतील अर्बुदात टोचून, वेगाने दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राने ते तापविण्याच्या पद्धतीस युरोपात 2010 मध्ये मान्यता मिळाली. अर्थात त्यासाठी रुग्णाच्या दातांतील धातूचे भरावदेखील आधी काढावे लागतात, कारण त्या क्षेत्रात तेही तापतात.