भागायचं कशाने? पोलीस, मृत्यू आणि छेदातली संख्या

आधी अमेरिकेतला एक वाद पाहू. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१५पासून पोलिसांच्या गोळीबारातल्या मृत्यूंची नोंद ठेवली. वर्षाला सुमारे १,००० मृत्यू. लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, मृतांमध्ये मात्र जवळजवळ चौथा हिस्सा. झाला का पक्षपात सिद्ध? २०१६ मध्ये हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलँड फ्रायर यांनी वेगळा हिशेब मांडला. लोकसंख्येने भागू नका, पोलिसांशी ज्यांची गाठ पडली त्यांच्या संख्येने भागा. ह्यूस्टनच्या नोंदी अशा तपासल्यावर गोळीबारात त्यांना वर्णभेद दिसला नाही. धक्काबुक्की, बेड्या यांत मात्र दिसला. त्यावर आलेला आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. मुळात अडवायचं कोणाला, हेच वर्ण पाहून ठरत असेल, तर उगाच अडवलेल्या माणसांनी छेद फुगतो आणि पक्षपात त्यातच बुडून जातो.

आता आपल्याकडे या. सातारा-सांगलीत पोलिसांची गोळी क्वचित सुटते. आपला प्रश्न कोठडीचा. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण चोरी झाली की पहिली झडती कोणत्या वस्तीत होते, हे तुम्हाला मी काय सांगायचं! रामोशी, बेरड, कैकाडी, वडार अशा १४ विमुक्त जाती राज्याच्या यादीत आहेत. फ्रायरसारखा हिशेब त्यांच्याबाबत करायला बसलो, तर भागणार कशाने? १९३१ नंतर जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींचे आकडे दिलेले नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग कोठडीतल्या मृत्यूंची कारणं छापतो: आजारपण, आत्महत्या, मारहाण. मेलेला कोणत्या समाजाचा, हा रकानाच तिथे नाही. मग कोणी म्हणतं, ‘पक्षपाताचा पुरावा नाही.’ अहो, पुरावा जमेल असा तक्ता तरी कुठे आखलाय?

बरं, छेद राहू द्या. वरचा अंश तरी भरवशाचा आहे का? कोठडीतला मृत्यू २४ तासांत कळवावा, असा मानवी हक्क आयोगाचा १९९३पासूनचा आदेश आहे. कळवायचं कोणी? पोलिसांनीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्याच्या कोठडीत एक तरुण मेला. (हे उदाहरण जातीचं म्हणून देत नाही, नोंदीचं म्हणून देतो.) मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि आरोपी पळाला असं सांगण्यात आलं. बनाव उघडा पडला, पोलिसांना अटक झाली. तो टिकला असता, तर पळून गेलेल्यांच्या तक्त्यात एक आकडा वाढला असता आणि मृत्यूंच्या तक्त्यात त्या तरुणाची नोंदच झाली नसती.