अंड्यांशी बोलणारे आईबाप

यवतमाळच्या मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की दुपारी अंगणात कुणी फिरकत नाही. अशा वेळी परसातल्या जाळीच्या पक्षीघरात झेब्रा फिंचची जोडी अंड्यांवर बसलेली असेल, तर घरट्याजवळ कान देऊन पाहावं. आतून एक बारीक, भराभर चालणारा आवाज येतो. चोच अर्धवट उघडी, गळा थरथरतोय आणि धापेबरोबर सूर बाहेर पडतोय. पाळणाऱ्याला वाटतं, पाखरू उन्हाने कासावीस झालंय. ते खरंच असतं. पण तो आवाज अंड्याच्या कवचाआड असलेलं पिल्लूही ऐकत असतं.

ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठात मिलेन मॅरिएट आणि कॅथरिन ब्युकॅनन या दोघींनी उघड्यावरच्या पक्षीघरांत हे तपासलं आणि 2016 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. हवेचं तापमान 26 अंशांच्या वर गेलं आणि अंडी फुटायला साधारण पाच दिवस उरले, की आई किंवा बाप अंड्यांजवळ एकटा असताना ही खास साद घालतो. त्यांनी ती साद ध्वनिमुद्रित केली आणि उबवणी यंत्रातल्या अंड्यांना ऐकवली. काही अंड्यांना साधे, नेहमीचे आवाज ऐकवले. यंत्रातलं तापमान सगळ्यांना सारखंच होतं. तरीही उन्हाची साद ऐकलेली पिल्लं पुढे तापलेल्या घरट्यात वजनाने कमी वाढली. हा तोटा वाटेल, पण लहान अंगातली उष्णता लवकर बाहेर पडते. मोठी झाल्यावर अशाच हलक्या वाढलेल्या माद्यांनी पहिल्या विणीच्या हंगामात जास्त पिल्लं वाढवली. बाहेरचं जग किती तापलेलं आहे, याची वर्दी पिल्लाला जन्माआधीच मिळते आणि त्याचं शरीर तसं घडतं.

विदर्भात पक्षी पाळणाऱ्याने हा शोध समजून घ्यायलाच हवा, पण त्याचा उलटा अर्थ लावू नये. झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला पक्षी, त्याला उन्हाचं काय, असं दुकानदार सांगतात. जानेवारी 2009 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पारा 45 च्या पुढे गेला, तेव्हा त्याच माळरानात हजारो पक्षी पटापट मेले. त्यांत झेब्रा फिंच आणि बजरीगर, म्हणजे आपण ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतो ते पोपट, सर्वांत जास्त होते. मोकळ्या रानात सावली आणि पाणी शोधायला निदान पंख उपयोगी पडतात. पत्र्याच्या छपराखालच्या जाळीत तेवढीही सोय नसते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की यवतमाळ, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात एप्रिल आणि मे महिन्यांत वीण घेऊच नये. मार्चअखेर घरटी काढून घ्यावीत, छपरावर तुराट्या किंवा गवत अंथरावं, जाळीच्या पश्चिम बाजूला वाळ्याचा पडदा लावून तो ओला ठेवावा आणि उथळ ताटलीत आंघोळीचं पाणी द्यावं. पाऊस स्थिरावला की घरटी परत टांगावीत. मूळ मुलखातही हे पक्षी पाऊस पडून गवताला दाणा धरला की वीण करतात.

फिंच म्हणून आपल्या बाजारात मिळणारे पक्षी, म्हणजे झेब्रा, बेंगालीज, गोल्डियन, जावा, हे सगळे मुनियांच्या कुळातले. या कुळात संसार दोघांचा असतो. सुगरणीत नर खोपे विणतो, एकाहून जास्त माद्यांशी जोडी जमवतो आणि अंडी उबवणं, पिल्लं भरवणं हे काम मुख्यतः मादीवर पडतं. मुनियांचं तसं नाही. नर काड्या आणतो, मादी आत बसून त्या रचते आणि अंडी आल्यावर दिवसा दोघंही पाळीपाळीने बसतात. झेब्रा फिंच साधारण चार ते सहा अंडी घालते, ती बारा-चौदा दिवसांत फुटतात. पाळी बदलताना घरट्याच्या तोंडाशी दोघांची हलक्या आवाजात देवघेव चालते. फ्रान्समधल्या अभ्यासकांना असं दिसलं की या बोलण्याची ढब पाहून पुढची पाळी किती वेळाची असेल याचा अंदाज बांधता येतो. कोण किती वेळ बसणार, हे तिथे ठरत असतं.

पिल्लांची मागण्याची रीतही या कुळाची स्वतःची. इतर पिल्लं मान उंचावतात. मुनियेचं पिल्लू मान खाली झुकवून, पिळून, तोंड वर वळवतं. उघडलेल्या तोंडात ठिपके आणि रेषांची नक्षी असते. गोल्डियनच्या पिल्लांच्या चोचीच्या कडांना निळसर मणी असतात. ते अंधाऱ्या ढोलीत आलेला थोडासा उजेड परावर्तित करतात. आईबाप आधी गिळलेले, गळ्याजवळच्या थैलीत मऊ झालेले दाणे त्या तोंडात ओततात. पहिले काही दिवस पिल्लाच्या पारदर्शक कातडीतून ती भरलेली थैली दिसते. तिच्यावरून ते उपाशी आहे की नाही, हे घरट्यात हात न घालता लांबून कळतं. राळा आणि बाजरी रोजची, पण पिल्लं असताना मोड आलेला राळा, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, हिरव्या गवताची कोवळी कणसं आणि समुद्रफेस द्यावाच लागतो. चुना कमी पडला की मादीच्या पोटात अंडं अडतं आणि ती दगावते. उन्हाळ्यात अंड्याचं खाद्य तासाभरात आंबतं, हेही ध्यानात ठेवावं.

मग जाळीच्या तळाशी एखाद्या सकाळी पिल्लू पडलेलं दिसतं. नवखा माणूस हादरतो. ‘आईनेच फेकलं’ म्हणून त्या मादीला दोषी ठरवून विकून टाकणारेही आहेत. मेलेलं पिल्लू बाहेर टाकणं ही घरटं स्वच्छ ठेवण्याची रीत आहे. जिवंत पिल्लू टाकलं जातं त्यामागे बहुतेक वेळा माणसाची चूक असते: दिवसातून चारदा घरट्यात डोकावणं, खाद्यात कमतरता, मुंग्या, वयात नुकती आलेली जोडी, किंवा एकाच जाळीत गर्दी. पडलेलं पिल्लू थंडगार असलं तरी मेलेलंच असेल असं नाही. हाताच्या ओंजळीत ऊब देऊन ते हलू लागलं तर परत घरट्यात ठेवावं. माणसाच्या वासाने आईबाप पिल्लू सोडतात, हा समज खोटा आहे.

जोड्या लावण्याच्या पद्धतीबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपल्याकडे पाळणारा ठरवतो: हा राखाडी नर, ही पांढरी मादी, एका पिंजऱ्यात कोंबा. जर्मनीतल्या झेवीझन इथल्या माक्स प्लांक संस्थेत मालिका इहले, बार्ट केम्पेनार्स आणि वोल्फगांग फोर्स्टमायर यांनी झेब्रा फिंचवर एक प्रयोग केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस माद्यांना वीस नरांमध्ये सोडून मनाने जोड्या जुळू दिल्या. त्यातल्या निम्म्या तशाच राहू दिल्या. उरलेल्यांची ताटातूट करून, दुसऱ्याशी जमलेल्या पाखराबरोबर त्यांची बळजबरीने जोडी लावली. मनाने जुळलेल्या जोड्यांची जगलेली पिल्लं 37 टक्के जास्त निघाली. लादलेल्या जोड्यांत फलित न झालेली अंडी सुमारे तिप्पट, आणि पिल्लं मरण्याचं प्रमाणही जास्त. सर्वाधिक मृत्यू पहिल्या 48 तासांतले होते आणि त्याच काळात लादलेल्या जोडीतला बाप घरट्याकडे कमी लक्ष देत होता. आईबाप म्हणून कोण कसं वागेल, हे बरंचसं त्यांची जोडी कशी जुळली यावर ठरतं. पक्षीघर मोठं असेल तर तीन-चार जोड्यांची पाखरं एकत्र सोडावीत, कोण कोणाशेजारी अंग लावून बसतं ते पाहावं, आणि मगच घरटी टांगावीत. घरटी जोड्यांपेक्षा थोडी जास्त असावीत, सगळी एकाच उंचीवर, नाहीतर वरच्या घरट्यासाठी मारामारी होते.

घरट्यासाठी काय द्यावं, याबाबत आपल्या जिल्ह्यात एक खास धोका आहे. कापूस इथे घरोघरी. पाखरांना तो आवडतोही. पण लांब धाग्याचा कापूस पिल्लांच्या बोटांना गुंडाळतो, पाय सुजतो, बोट गळून पडतं. शिवाय शेतातून आणलेल्या कापसावर कोणती फवारणी झाली हे सांगता येत नाही. वाळलेलं गवत आणि आखूड कापलेला काथ्या पुरेसा आहे. तोही अंडी पूर्ण झाली की काढून घ्यावा, कारण काही नर काड्या आणतच राहतात आणि अंडी त्यांच्याखाली गाडली जातात.

पिल्लं तीन आठवड्यांच्या आसपास घरट्याबाहेर येतात आणि पुढे साधारण दोन आठवडे आईबापांच्या, त्यातही बापाच्या, मागे लागून खातात. घाई इथेच होते. मादी पुढची अंडी घालू लागलेली असते, पिल्लांची पिसं उपटून नवीन घरट्यात अंथरते, म्हणून पाळणारा पिल्लं लगेच वेगळी करतो. स्वतः दाणा फोडायला शिकण्याआधी वेगळं केलेलं पिल्लू उपाशी मरतं. आणखी एक गोष्ट हिरावली जाते. नर पिल्लू गाणं बापाकडून शिकतं. वयाच्या सुमारे पंचविसाव्या दिवसापासून ते दोन महिन्यांपर्यंत ते ऐकत राहतं, घोटत राहतं आणि तीन महिन्यांत त्याचं गाणं पक्कं होतं. ते आयुष्यभर बदलत नाही. क्लाउस इमेलमान या जर्मन अभ्यासकाने 1960 च्या दशकात झेब्रा फिंचची पिल्लं बेंगालीजच्या घरट्यात वाढवली. ती बेंगालीजचं गाणं गायली आणि मोठी झाल्यावर त्यांनी बेंगालीज माद्यांनाच पसंती दिली.

हे बेंगालीज म्हणजे पाळणाऱ्यांच्या लाडक्या दाया. महागड्या गोल्डियनची अंडी त्यांच्याखाली ठेवायची, म्हणजे गोल्डियन पुन्हा अंडी घालायला मोकळी. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेचा हा वंश. तिची चीनमधली जात अठराव्या शतकात जपानात गेली आणि तिथे अडीचशे वर्षं पिंजऱ्यात वाढली. दुसऱ्याची पिल्लं बेंगालीज खरोखर मायेने वाढवतात. पण दाईवर सोपवलेल्या पिल्लांची ओळखच बदलते, म्हणून हा उपाय अडचणीतच वापरावा. वर्षाला दोन, फार तर तीन विणी घेऊन पुढे जोडीला विश्रांती द्यावी. पाळणाऱ्याचं कसब किती अंडी मिळाली यावर मोजूच नये. किती पिल्लं आईबापांनी स्वतः वाढवून उडवली, ते मोजावं.

पाळण्याची हौस परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखरांपुरतीच ठेवावी. जावा चिमणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘सायटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा तिची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपल्या रानातल्या लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया, पांढऱ्या कंठाची मुनिया यांना मात्र हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, आणि 1991 पासून देशी पक्ष्यांचा व्यापार जवळजवळ पूर्ण बंद आहे. तरीही आठवडी बाजारांत हिरवा-गुलाबी रंग फासलेल्या मुनिया पिंजऱ्यात कोंबून विकल्या जातात.

त्यांचा संसार पाहायचा असेल तर पिंजरा लागत नाही. पांढऱ्या कंठाची मुनिया धुऱ्यावरच्या बाभळीत गवताचं गोल घरटं करते, मऊ अस्तर लावते आणि कित्येकदा सुगरणीचा सोडलेला खोपाच वापरायला घेते. विहिरीवर लोंबणारे जुने खोपे पावसाळा संपला म्हणून काढून टाकू नका. धुऱ्यावरचं गवत दाणा गळेपर्यंत जाळू नका किंवा त्यावर तणनाशक मारू नका. आणि बाजारात रंगवलेल्या मुनिया विकताना कुणी दिसलं, तर दया येऊन त्या विकत घेऊ नका. त्याने पुढची खेप येते. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा.