पेशीचा उंबरठा

आमच्या कुंभार पिंपळगांवच्या नांवांतच कुंभार आहे. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ घटापासूनच करतों. उन्हाळ्यांत माठाची भिंत पाझरते, आणि त्यामुळेंच आंतील पाणी गार होतें. ती भिंत केवळ आडोसा नसून कार्यही करते. आपल्या देहांतील प्रत्येक पेशीच्या भिंतीची गोष्ट अशीच आहे.

ही भिंत मुख्यत्वें स्निग्ध द्रव्यांची, दुपदरी, आणि मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षांव्या भागाइतकी पातळ असते. तिचे दोन पदर १९२५ सालीं हॉलंडांतील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं ओळखले. पुष्कळ दिवस तिला नुसतें कुंपण मानीत. परंतु १९५३ सालीं हॉकिन दांपत्यास आढळलें कीं, बाहेरून चेतना मिळतांच स्वादुपिंडाच्या पेशींतील कांहीं स्निग्ध द्रव्यांची झपाट्यानें घडामोड होते. म्हणजे कुंपणही निरोप सांगतें!

तें कसें? जेवणानंतर रक्तांत इन्शुलिन वाढतें व पेशीच्या दारावर थाप देतें. त्यासरशी आंतील एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडविणारें प्रथिन, भिंतींतील एका स्निग्ध रेणूस फॉस्फेटाची खूण जोडतें. ती पाहून दुसरीं प्रथिनें तेथें जमतात, आणि वाढीची आज्ञा पुढें जाते. काम आटोपलें कीं 'पीटेन' नांवाचें विकर ती खूण पुसतें. प्रवृत्तीइतकीच निवृत्तीही हवी, ती अशी.

पीटेन निकामी झालें तर खूण पुसली जात नाहीं. पेशी वाढतच राहते. १९९७ सालीं पीटेनचा शोध लागल्यावर अनेक कर्करोगांत हेंच घडतें असें उमगलें. खूण जोडणाऱ्या विकरास आवरणारें एक औषध स्तनाच्या कर्करोगाच्या कांहीं रुग्णांसाठीं २०१९ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. आपल्याकडे मुंबईस १९४१ सालीं टाटा रुग्णालय उघडलें, तेथें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं या रोगाच्या संशोधनाचा पाया घातला.

कोणी विचारील, मग पानावरचें तूप सोडावें काय? ही खूण म्हणजे तूप नव्हे. ती पेशीच घालते व पेशीच पुसते.

विनंती निराळीच आहे. आमच्या घरीं वडीलधाऱ्या काकूंनीं संकोचानें छातींतील गांठ लपविली. घरांत बारा माणसें असून कोणास कळलें नाहीं. कळलें तेव्हां वेळ टळून गेली होती. पेशीची भिंतही आंत निरोप पोंचविते. घराच्या भिंतींनीं तो अडवूं नये.