आधी पाणी, मग मासे

मासे पाळायचे म्हणजे आधी पाणी पाळायचं, हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवलंत तर परसातल्या छोट्या तळ्यासाठी फारसे पैसे लागत नाहीत. लागतो तो धीर. आमच्या बडोद्याच्या टेनामेंटमागे जेमतेम दहा बाय बाराची मोकळी जागा आहे. तिथे यंदा आम्ही तळं केलं. त्यातला बराचसा माल भंगारवाल्याला द्यायचा म्हणून गच्चीवर पडून होता.

मुख्य वस्तू म्हणजे पाण्याची जुनी काळी टाकी, हजार लिटरची. वरच्या अर्ध्या भागात तडा गेल्यामुळे ती निकामी झाली होती. टाकी मुळात पिण्याच्या पाण्यासाठीच केलेली असते, म्हणून तिच्यात माशांना अपाय होईल असं काही नसतं. रसायनांचे पिंप मात्र कितीही धुतलेले असले तरी वापरू नका. आम्ही टाकी करवतीने मधोमध कापली. खालचा भाग तळ्याला घेतला. वरचा घुमटासारखा भाग उलटा करून विटांच्या आधाराने बसवला, तर झाकणाचं तोंड खाली आलं आणि पाणी निचरायची सोय झाली. त्यात माती भरून आजीसाठी अळू लावला. मातीला तड्याचं काय!

कापलेली कड धारदार असते. बागेच्या जुन्या पाइपला उभी चीर देऊन तो कडेवर चढवला. टाकीखाली गणेशोत्सवातल्या जुन्या फ्लेक्सची चार पदरी घडी घातली, म्हणजे खडा टोचणार नाही. फ्लेक्सचा पाण्याशी संबंध येऊ द्यायचा नाही, तो फक्त खाली. भोवती जुन्या विटा आणि शहाबादी फरशीचे तुकडे रचले.

आता थोडा हिशेब. आमच्या टाकीचा व्यास ११० सेंटिमीटर आणि पाण्याची खोली ४५ सेंटिमीटर. त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले खोली केलं की सुमारे ४२५ लिटर येतात. हा आकडा दोन कारणांसाठी हवा. मासे किती ठेवायचे ते त्यावर ठरतं. शिवाय एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. सव्वाचारशे किलो जमिनीवर ठीक आहेत, बाल्कनीत किंवा गच्चीवर मात्र जाणकाराला विचारल्याशिवाय ठेवू नयेत.

जागा निवडताना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली बघा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७ च्या आसपास. आपल्याकडच्या मे महिन्यात हा फरक माशांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून आम्ही तळं पूर्वेच्या भिंतीशी ठेवलं आणि पाणी सतत हलतं राहील अशी व्यवस्था केली.

त्यासाठी गंजलेल्या कूलरमधला पंप कामी आला. १८ वॅटचा हा पंप अखंड चालला तर महिन्याला सुमारे १३ युनिट वीज घेतो. तो तळ्यातलं पाणी कडेवर बसवलेल्या जुन्या बादलीत चढवतो. बादलीच्या तळाला भोकं आहेत आणि आत फुटक्या कौलांचे तुकडे. त्यांतून झिरपत पाणी परत तळ्यात पडतं. हीच आमची गाळणी.

भंगारातून आणायची नाही अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे विजेची सुरक्षा. पाण्यात वीज सोडतोय, तेव्हा अर्थिंग नीट हवं आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी हवाच. तो बसवायला वायरमनसह १,६५० रुपये लागले. पाइपचे १८०, पाणी तपासायच्या किटचे ४५०, कमळाच्या कंदाचे १५० आणि माशांचे १८०. एकूण २,६१० रुपये. पाण्यात हात घालण्याआधी पंपाचा प्लग काढायचा, हा घरातला नियम.

फेब्रुवारीच्या मध्यावर तळं भरलं. माझी पाच वर्षांची मुलगी त्याच संध्याकाळी म्हणाली, "बाबा, आता मासे!" इथेच बहुतेकांची गडबड होते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही घातकच, कारण ते रक्तात गेलं की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य, आणि झाडांना तर खतच. हे जिवाणू कौलांच्या खडबडीत तुकड्यांवर वस्ती करतात. वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि पैसे टाकून हा काळ फारसा कमी होत नाही.

म्हणून आम्ही माशांविना रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात टाकत राहिलो. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. दर रविवारी किटचा रंग बघून मुलगी कॅलेंडरवर आकडा लिहायची. आधी अमोनिया वाढला, मग नायट्राइट. सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले.

पण सहा आठवडे माशांशिवाय साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रणच. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत डेंग्यूचे रुग्ण होते. शेजारच्या बेनचा मुलगा दवाखान्यात चार दिवस सलाइनवर होता. तळं बघताच त्यांनी विचारलं, "मच्छर तो नहि थाय ने?" आईलाही तीच धास्ती. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा मी बेनना शब्द दिला की एक जरी अळी दिसली तरी तळं त्याच दिवशी रिकामं करीन. जुनी मच्छरदाणी दुहेरी करून तळ्यावर दोरीने घट्ट बांधली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडावं म्हणून भरून ठेवलेल्या पिंपावरही तीच. दर शनिवारी बेन स्वतः टॉर्च घेऊन तपासायला येत.

मार्चअखेर बारा झेब्रा डॅनियो आणले. मूळचा आपल्याच उपखंडातला हा मासा जेमतेम दीड-दोन इंचांचा. पृष्ठभागाजवळ फिरतो आणि डासांच्या अळ्या आवडीने खातो. कोई माशांना हजारो लिटर पाणी लागतं. गोल्डफिशही मोठा होतो आणि पाणी फार घाण करतो. डासांसाठी वाटला जाणारा गंबुसिया, दुकानात 'काच साफ करणारा' म्हणून मिळणारा सकर मासा, हे दोन्ही आम्ही मुद्दाम टाळले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं, ते आपण पाहिलंय. अशा पुरात परसातला मासा नदीत जायला वेळ लागत नाही. परदेशी मासा तिथे रुजला, तर नदीतल्या मूळ माशांच्या पोटावर पाय येतो.

तळ्यावर खिडकीचं जुनं लोखंडी ग्रिल कायमचं आडवं बसवलंय. त्यावर बारीक जाळी आहे, त्यामुळे खंड्याला झडप घालता येत नाही आणि मासेही बाहेर उडी मारत नाहीत. पण ग्रिल मुख्यतः मुलांसाठी. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. घरात मूल असेल तर ग्रिल आधी, पाणी नंतर.

रोजचं काम पाच मिनिटांचं. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं घालायचं. आठवड्याला तीन बादल्या पाणी काढून अळूला घालायचं आणि पिंपातलं मुरलेलं पाणी तेवढंच भरायचं. कौलांचे तुकडे नळाखाली धुवायचे नाहीत, कारण क्लोरीनने जिवाणू मरतात. तळ्यातून काढलेल्या पाण्यातच खळबळायचे.

पावसाळा सरला. तळ्यात अळी दिसली नाही. दिसली ती दोन घरांमधल्या भिंतीवर, एका कुंडीखालच्या बशीत. टॉर्च घेऊन हिंडायची सवय लागल्यामुळेच ती सापडली. तेव्हापासून बेन दर शनिवारी गल्लीतल्या सगळ्याच कुंड्या तपासतात.

नायट्रेटवर अळू मात्र असा माजलाय की एकेक पान सुपाएवढं. आजी अळूवडी करते, बेन पात्रा करतात. दोन्ही ताटल्या भिंतीवरून इकडून तिकडे जातात. कोणाची जास्त चांगली, यावर आमच्या मुलीने अजून मत दिलेलं नाही. दोन्हीकडून मिळतंय तोवर ती देणारही नाही.