लाखोंचं मशीन बंद पडतं एका जुन्या हार्डडिस्कमुळे, म्हणून भोसरी-चाकणमध्ये ‘क्लोन’ काढून ठेवावा लागतो

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये शिरा. कूलंटचा वास, पायाखाली लोखंडाचा कीस आणि कोपऱ्यात वीस वर्षं जुनं सीएनसी मशीन. सकाळी ऑपरेटर स्विच दाबतो आणि स्क्रीनवर उगवते विंडोज एक्सपी. तीच, जिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला.

आता तुम्ही म्हणाल, मग नवीन कॉम्प्युटर बसवा की. विषय तेवढा सोपा नाही. मशीनचं लोखंड अजून ठणठणीत असतं. पण त्याचं सॉफ्टवेअर त्याच जुन्या विंडोजसाठी लिहिलेलं असतं, आतलं कार्ड जुन्याच स्लॉटमध्ये बसतं आणि नव्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर मिळत नाही. अख्खा कंट्रोल बदलायचा तर खर्च लाखांत.

एमआयडीसीची स्थापना झाली १९६२ साली. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणमध्ये मोठ्या गाड्यांच्या कंपन्या आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने उभे राहिले. इथे माल वेळेत गेला नाही तर पुढची ऑर्डर हातची जाते. आणि या सगळ्याचा भार असतो एका जुन्या हार्डडिस्कवर, जी आत सतत गरगर फिरून झिजत असते.

मग फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवल्या तर?

त्याने मशीन सुरू होत नाही. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्समध्ये ‘कुठून सुरू व्हायचं’ ही सूचना असते. कॉपी-पेस्टमध्ये ती येतच नाही. म्हणून अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये घ्यावी लागते. तिला म्हणतात इमेज. ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवली की झाला क्लोन. क्लोनझिला हे फुकट सॉफ्टवेअर हेच काम करतं आणि डिस्कचा जेवढा भाग वापरात आहे तेवढाच उचलतं.

खरी अडचण पुढे आहे. समजा जुनी डिस्क ४० जीबीची आहे आणि त्यात डेटा फक्त ६ जीबी. मशीनला लागणाऱ्या जुन्या आयडीई प्रकारच्या नव्या डिस्क आता बाजारात येत नाहीत. त्यामुळे बरेच जण अ‍ॅडॉप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवतात, कारण हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं. फिरणारा भागच नसल्याने धक्के आणि हादरेही सोसतं. पण १६ जीबीच्या कार्डवर ४० जीबीचा क्लोन उतरवायला गेलात तर सॉफ्टवेअर सरळ नकार देतं.

कपाट अर्धं रिकामं असलं म्हणून ते वन-रूमच्या दारातून आत जात नाही, तसंच हे. आधी कपाटच छोटं करावं लागतं. यालाच म्हणतात श्रिंक करणं. डेटा पुढच्या बाजूला सरकवायचा आणि पार्टिशनचा मागचा रिकामा भाग कापायचा. जीपार्टेड हे फुकट सॉफ्टवेअर ते करतं.

पण इथेच घाई नडते. मूळ डिस्क कधीच श्रिंक करू नका. मध्येच लाइट गेली तर डेटाही जाईल आणि मशीनही. क्रम असा ठेवा :

१. गुरुवारी, म्हणजे या पट्ट्यातल्या साप्ताहिक सुट्टीला, मूळ डिस्कची इमेज घ्या. डिस्क कटकट आवाज करत असेल तर तिला वारंवार चालू करू नका. खराब डिस्कसाठी असलेलं डीडीरेस्क्यू वापरा.

२. ती इमेज दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवा आणि श्रिंक तिथे करा.

३. छोटं झालेलं पार्टिशन कार्डवर क्लोन करा.

४. कार्ड मशीनमध्ये लावा आणि एक जॉब खरंच काढून बघा.

चौथी पायरीच बहुतेक जण विसरतात. निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये डिस्कचा मोड बदललाय का ते पाहा. काही सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कच्या सिरियल नंबरला बांधलेलं असतं, ते क्लोनवर चालत नाही. आणि फॅनकसारख्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर डिस्कवर नसतातच, ते बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत असतात. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो आणि बॅटरी बदलायची ती कंट्रोल चालू ठेवूनच.

एका प्रतीची किंमत किती असते, हे २७ जून २०१७ ला जगाने पाहिलं. नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी ठप्प केली. आपल्या जेएनपीटीमधलं तिच्या समूहाचं टर्मिनलही थांबलं. कंपनीचं नेटवर्क चालवणारे जवळपास सगळे मुख्य सर्व्हर पुसले गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथे नेमकी लाइट गेली होती. त्याची प्रत विमानाने इंग्लंडला नेली, तेव्हा नेटवर्क पुन्हा उभं राहिलं.

मर्स्कला लोडशेडिंगने वाचवलं. आपल्याकडेही लाइट जाते, पण ती परत आल्यावर जुनी डिस्क फिरेलच असं नाही. म्हणून मशीन व्यवस्थित चालू आहे तोवरच क्लोन काढा, त्यावर मशीनचं नाव आणि तारीख लिहा आणि तो शेडमधल्या ड्रॉवरऐवजी दुसऱ्या जागी ठेवा.