भाषाविज्ञानाची पदवी – लेखांक ३ : पहिल्या वर्षाचा गृहपाठ

भाषाविज्ञानाच्या पहिल्या सत्रात पाठ करण्यासारखं फार थोडं असतं. काही संज्ञा, उच्चारस्थानांचा एक तक्ता आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतली चिन्हं एवढं झालं की घोकंपट्टी संपते. उरलेला सगळा अभ्यास गृहपाठातून होतो. दर आठवड्याला वीस-पंचवीस शब्दांचा किंवा वाक्यांचा एक कागद हातात पडतो. त्यावरची भाषा बहुधा कधी ऐकलेलीही नसते. तुर्की असेल, स्वाहिली असेल, मेक्सिकोतली एखादी भाषा असेल. विचारलेलं एवढंच असतं की या शब्दांत कोणता नियम दिसतो आणि तो तुम्ही कशावरून म्हणता.

या 'कशावरून'वर सगळी पदवी उभी आहे. मागच्या दोन लेखांकांनंतर अनेक पालकांनी विचारलं की मुलांना या तीन-चार वर्षांत नेमकं शिकवतात काय. वर्णन करून ते नीट सांगता येत नाही, म्हणून आज एक गृहपाठ इथेच सोडवू आणि तोही मराठीवरचा. आपल्याकडच्या मुलांच्या हातात पडणारी बरीच पाठ्यपुस्तकं इंग्रजी उदाहरणांवर चालतात. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून हा विषय आपल्याला जमणार नाही. खरं तर उत्तम गृहपाठाचा माल तिच्या तोंडात तयार असतो, तो मागायला मात्र कुणी येत नाही.

'माझा मुलगा, माझी मुलगी' असं मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर तेच, 'झ'. पण 'माझा' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मुळाशी टेकतं आणि 'माझी' म्हणताना जीभ मागे टाळूकडे सरकते. तेच 'त्याचा' आणि 'त्याची'मध्ये. पहिल्यातला च 'चाक'मधला, दुसऱ्यातला 'चिमणी'मधला. व्याकरणाच्या पुस्तकांत यांना दंततालव्य आणि तालव्य म्हणतात. मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा हा बदल करतो आणि शाळेत तो कुणी शिकवलेला नसतो.

आता वहीत दोन रकाने करा. 'चिमणी'च्या रकान्यात चिंचेतला पहिला च, चेंडू, चीक, त्याची, त्याच्या. 'चाका'च्या रकान्यात चोर, चूक, चव, चुलता, त्याचा आणि चिंचेतला शेवटचा च. दहा-पंधरा शब्द झाले की नियम आपोआप वर येतो. पुढे इ, ए किंवा य आला की उच्चार तालव्य, एरवी दंततालव्य. 'चिंच' या एका शब्दात दोन्ही आहेत आणि तिथेही नियम टिकतो. 'चिंचेचं' म्हणताना दुसरा चही पुढे ए आल्याबरोबर तालव्य होतो, आणि त्यापुढचा 'चं' पुन्हा दातांकडे येतो. पहिल्या वर्षाची मुलगी इथे पोचते तेव्हा तिला मनापासून आनंद होतो, आणि व्हायलाच हवा.

मग शिक्षक विचारतात, 'चहा'चं काय? 'चंद्र'? 'चरित्र'? 'चार'? या सगळ्यांत पुढे अ किंवा आ आहे, तरी उच्चार तालव्य. नियम मोडला. इथून खरा अभ्यास सुरू होतो. चंद्र, चरित्र, चमत्कार हे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द आहेत आणि चहा बाहेरून आला. म्हणजे नियम मराठीत मुरलेल्या शब्दांपुरता धरावा लागतो. पण 'चार' तर घरचाच, तो का ऐकत नाही? जुन्या मराठीत 'च्यारी' असं लिहिलेलं सापडतं. त्या य-मुळे च तालव्य झाला, पुढे य गळून गेला आणि उच्चार मागे राहिला. आजच्या भाषेत जो अपवाद दिसतो तो कधी काळी नियमाचंच फळ होता. ऐतिहासिक भाषाविज्ञान नावाचा पेपर पुढे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला येतो, पण त्याची गरज पहिल्या वर्षीच अशी भासू लागते.

'चमचा' तर याहून सुंदर आहे. पहिला च तालव्य, दुसरा दंततालव्य. शब्द बाहेरून आलेला, म्हणून पहिला च नियमाला जुमानत नाही हे समजलं. मग दुसरा का जुमानतो? एक शक्यता अशी की शेवटच्या आ-मुळे हा शब्द 'घोडा'सारखा चालू लागला. घोडा-घोडे-घोड्याने, तसं चमचा-चमचे-चमच्याने. 'चमचे'मध्ये दुसरा च तालव्य होतो. शब्दाचं शेपूट मराठी विभक्तीत अडकलं आणि तेवढा भाग मराठी नियमाखाली आला. हे उत्तर बरोबर आहे की नाही ते तपासायला असे आणखी शब्द गोळा करावे लागतील. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ते काम दोन दिवसांत करू शकतो, त्याला ना प्रयोगशाळा लागते ना परवानगी.

एक गाठ अजून उरते. हा बदल नियमाने होत असेल तर च हा एकच ध्वनी आणि त्याची दोन रूपं, असं म्हणावं का? 'जग' हा शब्द दोन्ही प्रकारे उच्चारून पाहा. एकाचा अर्थ दुनिया, दुसऱ्याचा 'जिवंत राहा'. 'जरा' एका उच्चारात थोडंसं, दुसऱ्यात म्हातारपण. 'चार' म्हणजे आकडा आणि 'चार' म्हणजे गुराला खाऊ घाल. बाकी सगळं तेच असताना केवळ या एका फरकाने अर्थ बदलतो, म्हणजे हे दोन वेगळे स्वनिम आहेत, भले लिपीत त्यांना एकच अक्षर असो. तेव्हा काही ठिकाणी फरक नियमाने ठरतो आणि काही ठिकाणी तोच अर्थ ठरवतो. दोन्ही विधानं खरी आहेत आणि ती एकत्र मांडायची कशी, हा जगभरच्या स्वनिमविचारातला जुना, आजही चर्चेतला प्रश्न आहे. अठरा वर्षांची मुलगी घरच्या चमच्यावरून तिथे पोचते.

वर्गात नागपूर, कोल्हापूर, सावंतवाडी अशा ठिकाणची मुलं असली की दोन-चार शब्दांवर मतभेद होतातच. शाळेत अशा वेळी कुणाचं तरी चूक ठरतं. इथे दोन्ही उच्चार वहीत जातात, शेजारी बोलणाऱ्याचं गाव आणि वय लिहून. 'मले' म्हणणारा अकोल्याचा मुलगा किंवा 'माका' म्हणणारी कुडाळची मुलगी शाळेत हसण्याचा विषय झालेली असते. या वर्गात तिच्या बोलण्याला पुराव्याचं मोल येतं. माझ्या मते या पदवीची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे, आणि ती पहिल्याच वर्षी मिळते. प्रमाणभाषा शिकू नये असं कुणी म्हणत नाही. अर्ज, बातमी, पाठ्यपुस्तक यांना तिची गरज आहेच. पण काय लिहावं हा एक प्रश्न आणि लोक काय बोलतात हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या कपाटात शोधून मिळत नाही.

वाक्यविचारातही तीच रीत. तिथे एक नवं हत्यार हाती येतं, ते म्हणजे न होणारं वाक्य. 'रामाने आंबा खातो' असं कुणी म्हणत नाही. अशा वाक्यासमोर तारा काढतात आणि ते का होत नाही हे विचारतात. नोम चॉम्स्कीचं 'सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स' १९५७ साली आलं, त्यानंतर अशा न होणाऱ्या वाक्यांचं वजन फार वाढलं.

मराठीत यासाठी एक नामी जागा आहे. 'त्याने पोळी खाल्ली', 'त्याने आंबा खाल्ला'. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, हिंदीतही तसंच. पण 'तू पोळी खाल्लीस', 'तू आंबा खाल्लास', 'तू केळं खाल्लंस' पाहा. 'खाल्ली' हे पोळीचं आणि शेवटचा स हा तुझा. एकच क्रियापद एकाच वेळी कर्माचं लिंग आणि कर्त्याचा पुरुष दोन्ही सांगतं. हिंदीत 'तूने रोटी खाई' म्हणताना कर्त्याची अशी खूण उमटत नाही. शिवाय मराठीत 'तू'ला 'ने' लागतच नाही आणि हिंदीत तो लागतो. शालेय व्याकरणात हे 'संकर प्रयोग' म्हणून एका ओळीत उरकलेलं असतं आणि दोन गुणांसाठी पाठ केलेलं असतं. भाषाविज्ञानाच्या वर्गात तीच ओळ एक अख्खा तास घेते, कारण क्रियापदाने कुणाचं ऐकायचं हे ठरतं कसं, याबद्दलचा कुठलाही सिद्धान्त या वाक्यांपुढे तपासून घ्यावा लागतो.

समाजभाषाविज्ञानाची ओळख पहिल्या वर्षी थोडक्यात होते. विल्यम लबाव्ह यांचा १९६२चा न्यूयॉर्कमधला अभ्यास त्यात हमखास असतो. सॅक्स, मेसीज आणि क्लाइन ही एक श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं आणि एक स्वस्तातलं, अशी तीन मोठी दुकानं. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून घ्यायचं आणि खाली विक्रेत्याला ती वस्तू कुठे आहे ते विचारायचं. उत्तर येतं, 'फोर्थ फ्लोअर'. दोन्ही शब्दांत र आहे. मग नीट ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे तेच उत्तर जरा ठासून मिळतं. अशी २६४ माणसांची उत्तरं त्यांनी टिपली. र स्पष्ट उच्चारण्याचं प्रमाण सॅक्समध्ये सर्वांत जास्त निघालं, क्लाइनमध्ये सर्वांत कमी. आपल्या उच्चाराची नोंद होते आहे याचा विक्रेत्यांना पत्ता नव्हता, म्हणून ते नेहमीसारखं बोलले. पद्धत इतकी साधी आहे की पदवीच्या विद्यार्थ्यालाही ती उद्या वापरता येईल.

मराठी विद्यार्थ्याने लबाव्हसोबत कुपवाडही वाचायलाच हवं. होय, सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा या गावावरचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि भाषासंपर्क शिकवणाऱ्या जगभरच्या वर्गांत पोचला. त्यांनी नोंदवलं ते असं की गावातली जैन आणि लिंगायत कुटुंबं घरात कन्नड बोलत, मुसलमान कुटुंबं उर्दू, दलित शेतमजूर मराठी. शेतावर, बाजारात, पारावर रोजचा संबंध होता आणि बहुतेक पुरुषांना एकाहून अधिक भाषा येत. तरी घरची भाषा कुणी सोडली नव्हती, कारण ती जातीची आणि घराण्याची ओळख होती. पिढ्यान् पिढ्या असं चालल्यावर शब्द आणि प्रत्यय ज्या त्या भाषेचे राहिले, पण वाक्याची घडण सारखी होत गेली. इतकी, की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द, प्रत्ययाच्या जागी प्रत्यय ठेवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. कन्नड द्राविडी कुळातली आणि मराठी-उर्दू भारतीय आर्य कुळातल्या, हे लक्षात घेतलं की यातलं नवल कळतं.

ही गोष्ट तिथे थांबली नाही. चार दशकांनंतर डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडमध्ये नव्याने काम केलं आणि २०१६ साली या 'शब्दाला शब्द' प्रतिमानाची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यार्थ्याने हे दोन्ही लेख एकापाठोपाठ वाचावेत असं मी आग्रहाने सांगेन. पाठ्यपुस्तकात छापलेला निष्कर्षही पुन्हा गावात जाऊन तपासता येतो, हे त्याला एकदा दिसायला हवं. आणि गाव सांगलीचं असेल तर तिथली मराठी वाक्यं त्याला भाषांतराशिवाय वाचता येतात, ही सोय न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्याला नाही.

बोलींमध्ये रस असणाऱ्यांसाठी आणखी एक ठेवा आता घरबसल्या ऐकता येतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे आणि गावोगावच्या माणसांची ध्वनिमुद्रणं लोकांसाठी खुली ठेवली आहेत. बारावीची परीक्षा झाल्यावर आणि कुठे प्रवेश घ्यायचा हे ठरण्याआधी मुलांनी तिथे दोन संध्याकाळी घालवाव्यात. ऐकताना मन रमलं तर हा विषय घ्यायला हरकत नाही. कंटाळा आला तर तोही वेळेवर मिळालेला उपयोगी निरोप आहे.

पुढच्या आठवड्यात दुसरं वर्ष : पूर्णपणे अनोळखी भाषेचा एक बोलणारा समोर बसवून त्या भाषेचं व्याकरण कसं मांडतात ते पाहू. जळगाव जामोद भागात बोलल्या जाणाऱ्या निहालीचं उदाहरण घेऊ. तिचं नातं आजवर कुठल्याही भाषाकुळाशी खात्रीने जोडता आलेलं नाही.

तोवर वाचकांसाठी एक गृहपाठ. मराठीत 'तिने पोळी खाल्ली' होतं, पण 'ती दूध प्यायली'सुद्धा होतं. तिथे 'ने' नाही आणि क्रियापद दुधाप्रमाणे न चालता तिच्याप्रमाणे चालतं. 'तो नाव विसरला', 'ती कविता शिकली' हीही त्याच पंगतीतली. तरीही 'तिने दूध प्यायलं' असं म्हणणारी माणसं आजूबाजूला आहेत. आपल्या घरात, शेजारी, कामाच्या ठिकाणी कोण काय म्हणतं ते टिपा आणि प्रत्येकासमोर वय आणि गाव लिहा. 'यातलं बरोबर कुठलं?' असं मात्र कुणाला विचारू नका, कारण विचारल्याबरोबर माणूस शाळेतलं उत्तर देतो. बाळाने दूध घेतलं का, आजीने औषध घेतलं का, अशा बोलण्यातून वाक्य आपसूक येऊ द्या. वीस नोंदी जमल्या की पुरे. त्या समोर ठेवून वयाचा संबंध जास्त दिसतो की गावाचा, ते पाहा.